स्टुडिओतले थर, रस्त्यावरचा ठोका

दिवाळी उरकली की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार... ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, कोयते, लेकरं, आणि ड्रायव्हरच्या सीटमागं साऊंड. मराठी लोकप्रिय गाण्याच्या आजच्या घडणीबद्दल बोलायचं तर मला सुरुवात या ट्रॅक्टरपासूनच करावीशी वाटते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मराठी गाण्याच्या ध्वनिमुद्रणावर जेवढा पैसा आणि जेवढी अक्कल खर्च झाली, तेवढी आधी क्वचितच झाली असेल. ऐकणाऱ्यापर्यंत पोचता पोचता त्यातली निम्मी गळून पडते. आणि गळते कशी, हे कुणी नीट कान देऊन पाहिलेलं दिसत नाही.

उदाहरण ‘सैराट’चंच घेऊ. २०१६ साली आलेल्या या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला तो थेट लॉस एंजेलिसमधल्या सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर. एमजीएमच्या काळात ‘विझर्ड ऑफ ऑझ’चं संगीत जिथं मुद्रित झालं, तीच ही जागा. करमाळ्याच्या पोरा-पोरीच्या प्रेमासाठी एवढा मोठा पाश्चात्त्य वाद्यवृंद कशाला, असं तेव्हा काहींनी नाक मुरडून विचारलं होतं. ‘याड लागलं’ हेडफोन लावून ऐकलं की उत्तर मिळतं. तंतुवाद्यं तिथं नुसती मागं पसरलेली नाहीत. गायक श्वास घेतो तेव्हा ती पुढं येतात, तो शब्द उचलतो तेव्हा मागं सरकतात. थर म्हणजे आवाजावर आवाज चढवणं नसून कुणी कधी गप्प बसायचं हे ठरवणं, ही समज त्या गाण्यात आहे. ‘जोगवा’च्या संगीतासाठी या भावांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हाही तीच दिसली होती.

आता हेच गाणं बीडच्या एखाद्या वरातीत ऐका. तिथं मूळ गाणं कुणी वाजवत नाही. वाजतं त्याचं मिक्स. २०१९ मध्ये डीझर या फ्रेंच कंपनीनं ‘स्प्लीटर’ नावाची प्रणाली फुकट खुली केली, आणि तयार गाण्यातून गायकाचा आवाज वेगळा काढणं घरच्या लॅपटॉपवर जमू लागलं. त्यानंतर अशा साधनांचा सुकाळच झाला. रिमिक्स करणारा आवाज उचलतो, वाद्यवृंद टाकून देतो, गाण्याची गती वाढवतो, खाली ठोका घालतो, हलगीचा दोन आवर्तनांचा तुकडा अखंड फिरवत ठेवतो आणि दर मिनिटाला स्वतःचं नाव ओरडवतो. ‘हाय गेन’, ‘साऊंड चेक’ अशी या मिक्सची बिरुदं असतात. त्यांचा हेतू गाणं ऐकवण्याचा नसतोच. शेजारच्या गाडीपेक्षा आपले बेसचे डबे जास्त दणकतात, हे दाखवायचं असतं.

समजा एखाद्यानं वाद्यवृंद तसाच ठेवला, तरी तो ऐकू येणार नाही. चेलोची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली तर सुमारे ६५ हर्ट्झचा स्वर देते. डीजेचा ठोकाही साधारण त्याच पट्ट्यात, पन्नास-साठ हर्ट्झच्या आसपास बसवलेला असतो. एकाच पट्ट्यातले दोन आवाज समोरासमोर आले की मोठा लहानाला गिळतो. उलट ट्रॅक्टरवर किंवा मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवर हा खालचा पट्टा मुळी वाजतच नाही. तिथं उरतो तो गळा, झांज आणि एखादी कर्कश सिंथची ओळ. म्हणजे रस्त्यावर खालचा पट्टा सगळं झाकतो आणि मोबाइलवर तोच गायब असतो. मधल्या पट्ट्यात जी खरी नक्षी असते, ती दोन्हीकडं पोरकी. ‘झिंगाट’ मात्र दोन्हीकडं तगतं. कारण ते रस्त्याचाच आवाज मनात धरून बांधलंय. त्याच चित्रपटात त्याच संगीतकारांनी हे दोन्ही केलं, याचं कौतुक व्हायला हवं तेवढं झालं नाही.

थरांच्या या चर्चेत एक घोटाळा नेहमी होतो. ट्रॅक जास्त म्हणजे गाणं गुंतागुंतीचं, असं धरून चालतात. बीटल्सनी १९६७ चा ‘सार्जंट पेपर’ चार ट्रॅकच्या यंत्रावर केला. आज लॅपटॉपवर शंभर-दीडशे ट्रॅक सहज मांडता येतात. पण श्रीनिवास खळ्यांचं ‘श्रावणात घननिळा’ आठवा. प्रत्येक अंतऱ्याची चाल वेगळी. वाद्यं मोजकी, आणि गुंतागुंत सगळी चालीत. आजच्या गाण्यात नेमकं उलट झालंय: दोन ओळींची हूक, तिचीच आवर्तनं, आणि कंटाळा येऊ नये म्हणून दर आठ मात्रांनी एखादा नवा आवाज आत-बाहेर. चालीनं करायचं काम ध्वनिमुद्रकाच्या गळ्यात पडलंय. याला मी सरसकट ऱ्हास म्हणणार नाही. पण ही प्रगती आहे असं जे म्हणतात, त्यांनी खळे पुन्हा ऐकावेत.

बाकी आपल्याकडच्या वाद्यवृंदाच्या थरांचं श्रेय द्यायचं तर ते गोव्याच्या वादकांना द्यायला हवं. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही मंडळी नसती तर मुंबईच्या चित्रपटगीतांत स्वरसंगती एवढी रुजलीच नसती. मराठीत अनिल मोहिले यांच्यासारख्या संयोजकांनी ते काम केलं. संगीतकाराचं नाव रेकॉर्डवर, संयोजकाचं कुठंच नाही, हा अन्याय जुनाच. त्यानंतर कॅसेटचा जमाना आला. आनंद शिंद्यांचा खडा गळा, ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड. थर चार-पाचच, पण मराठवाड्याच्या जत्रेत कर्ण्यावर लावलं तरी प्रत्येक थर स्वतंत्र कळायचा. पुढचे संगीतकार हा धडा विसरले असं मला वाटतं.

आणि बीडपुरतं बोलायचं तर थर ही इथं बाहेरून आलेली गोष्ट नाहीच. अंबाजोगाईला योगेश्वरीचा गोंधळ कधी जवळ बसून ऐका. संबळ म्हणजे कमरेला बांधलेली दोन चर्मवाद्यांची जोडी, एक चढ्या आवाजाचं, एक खर्जातलं. एक काडी सरळ, दुसरी टोकाला वळलेली. शेजारी तुणतुण्याचा एकसुरी धागा, वर झांजेची किणकिण, आणि मुख्य गोंधळ्याच्या ओळीचं शेपूट पकडून वर नेणारा साथीदार. यात एकाही आवाजाचा पट्टा दुसऱ्यावर चढत नाही. ध्वनिमुद्रणाची पुस्तकं ज्याला नीट मिक्स म्हणतील ते इथं वाद्यांच्या निवडीतच होऊन जातं. शिवाय संबळवाला एकच बोल दोनदा हुबेहूब वाजवत नाही. गोष्ट रंगली की तो घाई करतो, देवीचं नाव आलं की थांबतो.

याच तालुक्यातल्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर. वारकरी भजनाच्या साथीपासून शास्त्रीय मैफलीपर्यंत त्यांनी पखवाज मानानं वाजवला, पद्मश्री मिळवली. पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक लावतात. तो गोळा किती, कुठं, किती ओला, यावर खर्जाचा स्वर ठरतो; कणीक वाळू लागली की तो बदलतो, मग वादक पाण्याचा हात फिरवतो. पुडीवर तळहात पडतो तेव्हा जो घुमारा उठतो तो एका जागी उभा राहत नाही, किंचित सरकतो. हा सरकणारा खर्ज म्हणजे पखवाजाचा प्राण. सॅम्पल लायब्ररीत त्याची एकच थाप कापून ठेवलेली असते. गाण्याची पट्टी बदलली की ती थाप यंत्रानं वर-खाली ताणायची आणि हजारदा चिकटवायची. ऐकणाऱ्याला वाटतं पखवाज वाजतोय. ज्यानं काकड्याच्या भजनात पखवाज ऐकलाय त्याच्या कानाला मात्र तो लगेच मेलेला कळतो. हलगीचंही तेच. विस्तवावर शेकून ताणलेली हलगी आणि रिमिक्समधला तिचा फिरता तुकडा यांत नात्यापुरतं साम्य आहे.

नव्या पिढीत दोन गाणी मला वेगळी वाटली. जळगावकडच्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ (२०२४) आणि त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’, जे स्पिनिन या डच कंपनीनं जगभर नेलं. शब्दांबद्दल मी फार बोलणार नाही, त्यात बोलण्यासारखं फारसं नाहीही. पण दोन्ही गाण्यांत आवाजांच्या मध्ये मोकळी जागा आहे. पहिल्यात गळा पुढं आणि ठेका हलका. दुसऱ्यात सरळ हाउसचा ठोका, आणि मराठी शब्द चक्क तालवाद्यासारखे त्यावर मारलेले. वाद्यवृंदाचा एक पैसाही खर्च न करता दोघांनी ऐकणाऱ्याचं यंत्र कोणतं आहे हे आधी ओळखलं. मोबाइलवर ती गाणी अर्धी होत नाहीत. रिमिक्सवाल्यालाही त्यातून टाकून देण्यासारखं फारसं सापडत नाही.

मात्र या दोघांच्या चालीत खळ्यांची वळणं नाहीत, आणि अजय-अतुलांच्या गाण्यात रस्त्यासाठी वेगळी आवृत्ती नाही. खरं तर मोठ्या संगीतकंपनीनं गाण्याबरोबर त्याचे सुटे थर, गळा वेगळा, ताल वेगळा, तंतुवाद्यं वेगळी, असे अधिकृतपणे विकायला काय हरकत आहे? परदेशात गायक-निर्माते रिमिक्स स्पर्धांसाठी हे देतातच. गेवराई किंवा माजलगावच्या पोराला चोरून वेगळा काढलेला, कडा झिजलेला गळा वापरावा लागतो म्हणून तो त्यावर ठोक्याचं पांघरूण घालतो. त्याच्या हातात लॉस एंजेलिसचे चेलो स्वच्छ आले तर तो ते फेकेलच असं नाही. निदान त्यांच्याखालचा ठोका कुठं थांबवायचा, हे त्याला ठरवावं लागेल.