ऑस्लोचे व्याख्यान आणि वर्गातली गोष्ट

शाळेत हरितक्रांतीचा भाग शिकवताना बहुधा तीन वाक्ये सांगितली जातात. देशात धान्याचा तुटवडा होता. शास्त्रज्ञांनी गव्हाचे भरघोस पीक देणारे बियाणे आणले. देश स्वयंपूर्ण झाला. यातले एकही वाक्य खोटे नाही. मात्र ती अशी ओळीने ठेवली, की पीक सुधारणे हे एकदाच करायचे काम होते आणि ते होऊन गेले, असा विद्यार्थ्याचा समज होतो. म्हणून ज्यांच्या नावाने ही गोष्ट सांगतात, त्या नॉर्मन बोरलॉग यांनी ती स्वतः कशी सांगितली होती, हे पाहणे उपयोगाचे ठरेल. शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाल्यावर ११ डिसेंबर १९७० रोजी त्यांनी ऑस्लो येथे व्याख्यान दिले. हरितक्रांती, शांतता आणि मानवजात हा त्याचा विषय. शिक्षकांनी हे व्याख्यान मुळातून वाचावे असे आम्हांला वाटते. त्यातल्या गुणांसाठी आणि उणिवांसाठीही.

आधी गुण पाहू. पहिली आश्चर्याची गोष्ट म्हणजे 'हरितक्रांती' या शब्दाबद्दल खुद्द वक्ताच साशंक आहे. हा शब्द घाईने वापरला जात आहे, तो फार आशावादी आहे आणि त्याची व्याप्ती वाजवीपेक्षा मोठी आहे, असे ते म्हणतात. सगळ्या पिकांचे उत्पादन वाढले आणि सगळ्या शेतकऱ्यांचा सारखाच फायदा झाला, असा अर्थ त्यातून निघतो व तो वस्तुस्थितीला धरून नाही. खरा फरक पडला तो गहू, भात आणि मका यांच्यात. ज्वारी-बाजरीसारख्या धान्यांवर परिणाम अगदी थोडा झाला आणि कडधान्यांत तर सांगण्यासारखी वाढ झालीच नाही, ही कबुली त्यांनी त्या गौरवाच्या व्यासपीठावरून दिली. आपल्या वर्गातल्या गोष्टीतून नेमकी हीच कबुली गळून पडली आहे.

दुसरा गुण विज्ञानाच्या मांडणीचा. मेक्सिकोत गव्हाच्या वर्षाला दोन पिढ्या घेतल्या गेल्या. एक हिवाळ्यात सोनोरा भागात, जवळजवळ समुद्रसपाटीवर. दुसरी उन्हाळ्यात तोलुकाजवळ, सुमारे २६०० मीटर उंचीवर. वेळ वाचावा हा मूळ हेतू. पण लाभ त्याहून मोठा झाला. दिवसाची लांबी, हवामान, रोग, सगळेच दोन्हीकडे वेगळे. दोन्ही ठिकाणी जी रोपे चांगली आली तीच पुढे ठेवली गेली. त्यामुळे दिवसाच्या लांबीवर फारसा अवलंबून नसलेला गहू तयार झाला आणि मेक्सिकोतले बियाणे पंजाबातही रुजू शकले. भारताने १९६६ मध्ये असे १८,००० टन बियाणे आणले.

त्या गव्हाचा दुसरा विशेष म्हणजे बुटकेपणा. तो 'नोरिन १०' या जपानी गव्हाकडून आला. उंच गव्हाला नत्र जास्त दिले की ओंबी जड होते आणि पीक लोळते. बुटक्या गव्हात जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाचा संदेश नीट पोचत नाही. त्यामागचे जनुक १९९९ मध्ये ओळखले गेले. खोड आखूड राहते, तयार झालेल्या अन्नाचा मोठा वाटा दाण्यात जातो आणि खत दिले तरी पीक उभे राहते. थोडक्यात, या बियाण्याचा मोठेपणा खतपाणी पेलण्यात होता. बियाणे हे उत्प्रेरक, तर रासायनिक खत हे इंधन, असे बोरलॉग यांनीही सांगितले आहे. बियाण्याला 'चमत्कारी' म्हणणाऱ्यांनी या उपमेचा दुसरा भाग विसरू नये.

आता उणिवा. पहिली उणीव मोजमापाची. व्याख्यानात आकडे आहेत ते मुख्यतः टनांचे. भारतातील गव्हाचे उत्पादन १९६५ मधील १ कोटी २३ लाख टनांवरून १९७० मध्ये २ कोटी टनांवर गेले. कामगिरी मोठी आहे. आज हा आकडा ११ कोटी टनांच्या पुढे आहे. पण दाण्याचे टन हेच सुधारणेचे माप मानले, की काही पिके 'मागे राहिलेली' दिसतात आणि ती का मागे राहिली, हा प्रश्न सुटून जातो. सोलापूरकडच्या रब्बी ज्वारीचे उदाहरण घेऊ. ती काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. तिला जास्तीचे खत पाजायला पाणीच नसते. शिवाय शेतकऱ्याला दाण्याइतकाच कडबाही हवा असतो, कारण गोठ्यातली जनावरे त्यावर जगतात. बुटकी, दाणा जास्त आणि कडबा कमी देणारी ज्वारी कागदावर सुधारित ठरेल. या शेतकऱ्याच्या हिशेबात ती तोट्याची. मोहोळ येथे स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवडलेला 'एम ३५-१' हा वाण कित्येक दशके टिकून आहे, तो काही शेतकरी अडाणी आहे म्हणून नव्हे. पैदासकाराने माप बदलले, तर त्याला यातले शहाणपण दिसते.

दुसरी उणीव भाषेची. भुकेविरुद्ध युद्ध, लढाई, आघाडी असे शब्द व्याख्यानात वारंवार येतात. त्या काळाला ते साजेसे होते, पण जीवशास्त्राला साजेसे नाहीत. युद्धात शत्रू शरण येतो. तांबेरा शरण येत नाही. तांबेऱ्याची बुरशी बदलत राहते. प्रतिकारक वाण जितक्या मोठ्या क्षेत्रावर लावावा, तितका त्या प्रतिकाराला भेदणाऱ्या बुरशीला निवडीचा फायदा अधिक. राय या धान्याकडून गव्हात आणलेले 'एसआर ३१' हे जनुक जगभरातल्या अनेक वाणांत होते. त्याला भेदणारा खोडावरचा तांबेरा १९९८ मध्ये युगांडात आढळला आणि 'यूजी ९९' या नावाने प्रसिद्ध झाला. उतारवयातल्या बोरलॉग यांनीच त्याविरुद्ध जगाला सावध केले, हे आवर्जून सांगायला हवे. आपल्याकडे डॉ. क. च. मेहता यांनी फार पूर्वी दाखवून दिले होते, की मैदानी उन्हाळ्यात तांबेरा टिकत नाही. तो डोंगराळ भागात तग धरतो आणि तिथून पुन्हा खाली उतरतो. महाबळेश्वरसारख्या थंड ठिकाणी गव्हाच्या तांबेऱ्याचे संशोधन केंद्र का, याचे उत्तर यातून उलगडते. युद्धाची भाषा सोडून राखणीची भाषा वापरली, तर हे काम विद्यार्थ्याला अधिक खरे कळेल. राखण रोज करावी लागते आणि तिची बातमी होत नाही.

व्याख्यानाच्या शेवटी बोरलॉग यांनी दोन स्वप्ने सांगितली आहेत आणि ती १९९० च्या सुमारास खरी झालेली कल्पिली आहेत. एक, गहू-भातासारखी धान्ये कडधान्यांप्रमाणे मुळांवरील गाठींतून हवेतले नत्र फुकट मिळवतील. दुसरे, भाताला तांबेरा होतच नाही. ती प्रतिकारशक्ती गव्हात उतरेल. दोन्ही स्वप्ने आजही शेतात उतरलेली नाहीत. गाठी तयार करायला एक जनुक पुरत नाही. वनस्पती आणि जिवाणू यांच्यात संदेशांची मोठी साखळी लागते. नत्र स्थिर करणारे विकर ऑक्सिजनने निकामी होते, म्हणून गाठीत त्याला जपावे लागते. आणि या कामाला वनस्पतीची पुष्कळ ऊर्जा खर्ची पडते. स्वप्न पाहिले म्हणून आम्ही वक्त्याला दोष देत नाही. प्रयोगशाळा स्वप्नांवरच चालतात. मात्र स्वप्नाला तारीख लावली, की लोक त्याला वेळापत्रक समजतात. आजही नवे तंत्र आले की 'दहा वर्षांत' असे ऐकू येते. तेव्हा हा भाग वर्गात जरूर वाचावा.

या व्याख्यानाशेजारी दुसरा एक मजकूर ठेवला, तर त्याचे खरे मोल कळते. जानेवारी १९६८ मध्ये वाराणसी येथे भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये कृषिविज्ञान विभागाचे अध्यक्ष या नात्याने डॉ. म. सं. स्वामिनाथन यांनी इशारा दिला होता. जमिनीची सुपीकता न राखता पिके घेत राहणे, निचऱ्याविना पाणी देणे, भूजल बेहिशेबी उपसणे, कीटकनाशकांचा अविचारी वापर आणि अनेक स्थानिक वाणांच्या जागी एकदोनच वाण लावणे, यांतून शेतीवर संकट ओढवेल, असे त्यांनी सांगितले. हे बोलणारा माणूस बुटक्या गव्हाचा भारतातला प्रमुख पुरस्कर्ता होता, हे विशेष. आज पंजाबात दरवर्षी पुन्हा भरून निघू शकणाऱ्या पाण्याच्या दीडपटीहून अधिक भूजल उपसले जाते. इशारा यशाच्या आरंभीच दिला गेला होता. गोष्ट सांगताना मात्र आपण यश तेवढे ठेवले.

मग या व्याख्यानाचे मूल्यमापन काय करावे? लाखो माणसांच्या पोटाला अन्न मिळाले, हे त्यामागचे सत्य आहे आणि ते नाकारणारी टीका आम्हांला मान्य नाही. मिळालेले यश ही उसंत आहे, कायमचा विजय नव्हे, असे बोरलॉगच सांगतात. त्या उसंतीत काय करायचे, हे सांगताना मात्र त्यांची नजर उत्पादन आणि लोकसंख्या या दोनच आकड्यांवर खिळून राहते. माती, पाणी आणि वाणांची विविधता यांचा हिशेब पुढच्या पिढीला मांडावा लागला.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. ज्वारी किंवा गहू काढणीला आला, की विद्यार्थ्यांना दोन वेगळ्या वाणांची दहा-दहा ताटे वाळवून दाणा व काड यांचे वेगवेगळे वजन करायला सांगावे. नंतर शेतकऱ्याला विचारून यावे, की यातला कोणता वाण चांगला आणि का. वजनकाट्याचे उत्तर आणि शेतकऱ्याचे उत्तर जुळले नाही, तर त्या दिवशीचा धडा तिथून सुरू करावा.