चार पट्ट्यांवरचे संगीत

ध्वनिमुद्रण निर्दोष असले की संगीत उत्तम, असा समज आज आपल्या गायकवृंदांतही रूढ होत आहे. रेमो फर्नांडिस यांची ‘गोअन क्रेझी’ ही १९८४ ची कॅसेट तो खोटा ठरवते. वास्तुकलेचे शिक्षण घेतलेल्या या गोमंतकीय गायकाने ती शिवोलीच्या घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर स्वतःच मुद्रित केली आणि स्कूटरवरून हिंडून विकली.

अशा यंत्रावर एकेक वाद्य क्रमाने मुद्रित करावे लागते. पट्ट्या अपुऱ्या पडल्या की आधीचे आवाज एका पट्टीवर एकत्र करतात. मग ते वेगळे करता येत नाहीत आणि फितीची खरखर वाढते. त्यामुळे गाण्याला काय हवे, हे आधीच ठरवावे लागते. ही शिस्त आम्हांला या संगीताचे बळ वाटते. आमच्या तुळजापूरच्या गोंधळ्यालाही संबळ आणि तुणतुणे पुरते.

मात्र उणीवही येथेच आहे. एकच माणूस सर्व काही वाजवतो, तेव्हा त्याला अडवणारा दुसरा कोणी उरत नाही. मांडो गाताना दुसरा स्वर पहिल्याला सावरतो. स्वतःच्याच आवाजाची जोड तसे सावरू शकत नाही.

धाराशिव जिल्ह्यातील लहान धर्मग्रामांनी यातून एवढेच घ्यावे: मिस्सेत मोबाइलवरची तयार साथ लावण्यापेक्षा एक पेटी, एक ढोलकी आणि एकमेकांचे ऐकणारे चार गळे पुरेत. थोडी खरखर चालेल. उसना सूर नको.