शालेय मानसशास्त्रज्ञांची व्यावसायिक पात्रता आणि प्रशिक्षण : एक चिकित्सा

प्रस्तावना

शाळेत मानसशास्त्रीय साहाय्य उपलब्ध असावे की नसावे, हा प्रश्न आता वादाचा राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्यकर्ता नेमावा, आणि त्या व्यक्तीजवळ बालक व किशोरांच्या मानसिक आरोग्याविषयीचे दाखवता येण्याजोगे प्रशिक्षण असावे, असे त्यांत नमूद आहे. लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी औपचारिक संबंध जोडावा, अशीही अपेक्षा व्यक्त झाली आहे.

या तत्त्वांतील ‘पात्र’ आणि ‘दाखवता येण्याजोगे’ हे दोन शब्द विशेष विचार करावेत असे आहेत. पात्रता कोणी ठरवायची, प्रशिक्षण कोणाला दाखवायचे आणि ते अपुरे ठरल्यास दाद कोणाकडे मागायची, या तीन प्रश्नांची समाधानकारक उत्तरे आपल्या व्यवस्थेत सापडत नाहीत. चर्चा बहुधा पदांच्या संख्येवर येऊन थांबते. प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांच्या अनुषंगाने शालेय मानसशास्त्रज्ञाच्या पात्रतेची व प्रशिक्षणाची चिकित्सा करण्यात आली आहे. त्यासाठी हा व्यवसाय जेथे सर्वप्रथम संघटित झाला त्या अमेरिकेचा अनुभव तुलनेसाठी घेतला आहे.

अमेरिकेतील वाटचाल

लाइटनर विटमर यांनी १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मानसशास्त्रीय चिकित्सालय सुरू केले. तेथे प्रारंभी आलेल्या मुलांच्या अडचणी शाळेतल्याच होत्या. पुढे १९१५ मध्ये कनेक्टिकट राज्याने अर्नोल्ड गेझेल यांची नियुक्ती केली. ‘शालेय मानसशास्त्रज्ञ’ या पदनामाने झालेली ही पहिली नेमणूक मानली जाते. मात्र पदनाम रूढ झाले म्हणून व्यवसाय सिद्ध झाला नाही. त्यानंतर सुमारे चार दशके अनेक ठिकाणी चाचणी घेता येणारी कोणतीही व्यक्ती हे काम करू शकत होती.

१९५४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील वेस्ट पॉइंट येथे भरलेल्या थेअर परिषदेने या गोंधळावर उपाय सुचविला. परिषदेने दोन स्तर कल्पिले. डॉक्टरेटपर्यंत शिक्षण घेतलेला शालेय मानसशास्त्रज्ञ हा वरचा स्तर, तर दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेला, मुख्यतः परीक्षणाचे काम करणारा साहाय्यक हा दुसरा. या विभागणीवरून पुढे दीर्घ संघर्ष झाला. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने ‘मानसशास्त्रज्ञ’ ही संज्ञा डॉक्टरेटधारकांपुरती राखण्याचा आग्रह धरला. शाळांतून प्रत्यक्ष काम करणाऱ्यांपैकी बहुतेकांजवळ ती पदवी नव्हती. १९६९ मध्ये नॅशनल असोसिएशन ऑफ स्कूल सायकॉलॉजिस्ट्स ही स्वतंत्र संघटना स्थापन झाली, तिच्यामागे ही पार्श्वभूमी होती.

या संघटनेने कालांतराने निश्चित केलेल्या निकषांत किमान ६० सत्रतासांचे पदव्युत्तर शिक्षण आणि १२०० तासांची पर्यवेक्षित आंतरवासिता यांचा समावेश आहे. या तासांपैकी निदान ६०० तास शाळेत व्यतीत व्हावे लागतात. राष्ट्रीय पातळीवरील प्रमाणपत्रासाठी याखेरीज परीक्षा द्यावी लागते आणि त्याचे नूतनीकरण दर तीन वर्षांनी करावे लागते. काम करण्याची परवानगी मात्र राज्य देते. ३०हून अधिक राज्ये या राष्ट्रीय प्रमाणपत्राची आपापल्या नियमांत दखल घेतात. म्हणजे विद्यापीठ पदवी देते, व्यावसायिक संघटना निकष ठरविते आणि राज्य परवाना देते. या तिघांपैकी एकाचाच शब्द अखेरचा नसतो.

या प्रतिमानाच्या मर्यादा

या व्यवस्थेचे अनुकरण सुचविण्याआधी तिचे दोष लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिला दोष तुटवड्याचा. ५०० विद्यार्थ्यांमागे एक मानसशास्त्रज्ञ असावा अशी संघटनेची शिफारस असली, तरी प्रत्यक्षात एकेकावर पडणारा भार देशपातळीवर त्याच्या सुमारे दुप्पट आहे. निकष उंच ठेवले, की शहरांबाहेरील आणि गरीब वस्त्यांतील शाळा प्रथम रिकाम्या राहतात.

दुसरा दोष अधिक खोल आहे. १९७५ च्या अपंग बालकांच्या शिक्षणविषयक कायद्याने विशेष शिक्षणासाठी मूल्यमापन अनिवार्य केले आणि शालेय मानसशास्त्रज्ञांची मागणी वाढली. परंतु त्यामुळे त्यांचे काम चाचणी घेणे, अहवाल लिहिणे आणि मुलाला वर्गवारीत बसविणे, एवढ्यातच अडकून पडले. शिक्षकांशी सल्लामसलत आणि प्रतिबंधात्मक काम मागे पडले.

तिसरा मुद्दा नैतिक स्वरूपाचा आहे. कॅलिफोर्नियात कृष्णवर्णीय मुलांना बुद्धिमापन चाचण्यांच्या आधारे मंदगती मुलांच्या वर्गांत घातले जात होते. ते त्या मुलांच्या लोकसंख्येतील प्रमाणाच्या मानाने फारच अधिक होते. लॅरी पी. विरुद्ध राइल्स या खटल्यात १९७९ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट पेकहॅम यांनी हा वापर भेदभावाचा ठरविला, आणि १९८४ मध्ये अपील न्यायालयाने त्या निर्णयाचा मुख्य भाग कायम ठेवला. त्या चाचण्या घेणारे लोक अप्रशिक्षित नव्हते. तंत्र अवगत असूनही साधनाविषयी शंका घेण्याचे शिक्षण त्यांना मिळाले नव्हते, असा याचा अर्थ लावावा लागतो. पात्रता ही आवश्यक अट आहे. ती पुरेशी अट नाही.

भारतातील कायदेशीर स्थिती

आपल्याकडे या विषयाचा विचार नवा नाही. मुंबईत १९३७ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पूर्वरूपात बालमार्गदर्शन केंद्र सुरू झाले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) माध्यमिक शाळांसाठी किमान मार्गदर्शन कार्यक्रम सुचविताना दर दहा शाळांच्या गटासाठी एक फिरता शालेय समुपदेशक असावा, अशी शिफारस केली. ही शिफारस साधनांची मर्यादा ओळखून केलेली होती. तरीही ती सार्वत्रिक झाली नाही.

आज मानसशास्त्रज्ञाच्या पात्रतेला तीन कायदे स्पर्श करतात. भारतीय पुनर्वसन परिषद अधिनियम, १९९२ अन्वये नोंदणीविना पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम करणे दंडनीय आहे. पण त्या कायद्याचे क्षेत्र अपंगत्वाचे आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची व्याख्या करतो. त्याचे क्षेत्र मानसिक आजाराचे आहे. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ च्या अनुसूचीत वर्तनविषयक आरोग्य या गटात मानसशास्त्रज्ञाचा समावेश आहे. परंतु शालेय मानसशास्त्रज्ञ अशी स्वतंत्र नोंद तीत नाही. या तिन्ही कायद्यांचा आरंभ अपंगत्व, आजार किंवा आरोग्यसेवा येथून होतो. वाचताना अडखळणारे, वर्गात गप्प बसणारे किंवा परीक्षेच्या धास्तीने आजारी पडणारे मूल यांपैकी कोणत्याच कायद्याच्या मध्यभागी नाही.

ज्या कायद्याच्या मध्यभागी शाळा आहे, त्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याकडे पाहिले तर ही उणीव अधिक स्पष्ट होते. त्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरहून अधिक मुले असल्यास पूर्णवेळ मुख्याध्यापक आणि कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत, असे म्हटले आहे. समुपदेशकाचा तेथे उल्लेख नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये शंभराचाच आकडा घेऊन जी जागा दाखविली, ती या अनुसूचीत १६ वर्षे मोकळी होती.

पुनर्वसन परिषदेकडे नोंदलेले चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञच शाळांत नेमावेत, असा एक पर्याय सुचविला जातो. तो दोन कारणांनी अपुरा आहे. त्या अभ्यासक्रमाची घडण रुग्णालयात झालेली आहे; वर्ग, वेळापत्रक, शिक्षकखोली आणि पालकसभा हे त्याचे प्रशिक्षणक्षेत्र नाही. शिवाय २०१७ च्या कायद्यातील व्याख्येत या क्षेत्रातील दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम.फिल.चा मार्ग नमूद आहे, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी एम.फिल. पदवीच बंद केली. चिकित्सालयीन मानसशास्त्र व मनोविकार समाजकार्य या विषयांना २०२५-२६ या सत्रापर्यंत मुभा देण्यात आली. ज्या पदवीवर एका व्यवसायाचे दार उभे होते, तीच अशी संपत गेल्यावर शाळांनी त्याच दाराशी ताटकळत राहणे व्यवहार्य नाही.

प्रशिक्षणातील उणिवा

सध्या शाळांत समुपदेशक म्हणून येणाऱ्यांचे दोन मुख्य स्रोत आहेत. पहिला, मानसशास्त्र विषयात एम.ए. झालेले पदवीधर. अनेक महाविद्यालयांत या अभ्यासक्रमाचे प्रात्यक्षिक म्हणजे वर्गमित्राला प्रयुक्त म्हणून समोर बसवून चाचणी घेणे आणि प्रयोगवही पूर्ण करणे, एवढेच असते. नऊ वर्षांच्या घाबरलेल्या मुलाशी संवाद साधून, त्याचा थकवा व घरची भाषा लक्षात घेऊन चाचणी घेणे ही निराळी विद्या आहे, आणि ती प्रयोगवहीतून येत नाही.

दुसरा स्रोत म्हणजे मार्गदर्शन व समुपदेशनाची पदविका घेतलेले शिक्षक. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या एक वर्षाच्या पदविकेचा आराखडा सहा महिने स्वयंअध्ययन, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग आणि तीन महिने क्षेत्रकार्य असा राहिला आहे. शिक्षकाला मार्गदर्शक बनविण्यासाठी तो उपयुक्त आहे. परंतु पदविकाधारकाकडून मानसमापनाची किंवा निदानाची अपेक्षा ठेवणे, हे त्याच्यावर आणि मुलावर सारखेच अन्यायाचे आहे.

साधनांचा प्रश्न येथेच उद्भवतो. महाराष्ट्राला या क्षेत्रात चांगली परंपरा आहे. व. वा. कामत यांनी बिने चाचणीचे मराठी व कन्नड भाषक मुलांसाठी अनुकूलन केले आणि त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. नागपूर येथील आर्थर मॅलिन यांनी वेक्सलर यांच्या १९४९ च्या बालचाचणीवरून भारतीय मुलांसाठी तयार केलेली चाचणी १९६९ ची आहे. ही कामे आपापल्या काळी मोलाची होती. मात्र प्रमाणके जुनी झाली, की त्यांवर काढलेला बुद्धिगुणांक फुगून येतो, हे जेम्स फ्लिन यांच्या १९८० च्या दशकातील संशोधनापासून ज्ञात आहे. जुन्या प्रमाणकांवर मोजलेले मूल कागदावर ‘सीमारेषेच्या वर’ दिसू शकते आणि त्याला मिळायला हवी ती मदत नाकारली जाऊ शकते. याउलट घरी अहिराणी, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला प्रमाणमराठीतील शाब्दिक चाचणी दिल्यास भाषेचे अंतर बुद्धीची उणीव म्हणून नोंदले जाण्याचा धोका असतो. लॅरी पी. खटल्यातील प्रश्न हाच होता.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाल्यापासून या मापनाला कायदेशीर परिणामही प्राप्त झाले आहेत. परीक्षेतील सवलत, प्रमाणपत्र आणि पुढील शिक्षणाची दिशा त्यावर अवलंबून असते. महाराष्ट्रात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची राज्यव्यापी कल चाचणी घेण्यात आली. एवढ्या मोठ्या प्रमाणावर चाचणी घेता येते, हे तिने दाखविले. परंतु विद्यार्थ्याच्या हाती अहवाल देणे आणि त्या अहवालाचा अर्थ त्याच्या परिस्थितीच्या संदर्भात उलगडून देणे, ही दोन भिन्न कामे आहेत. दुसऱ्या कामासाठी लागणारे मनुष्यबळ कोणत्याही संगणकप्रणालीने निर्माण होत नाही.

पर्यायाची दिशा

वरील विवेचनावरून अमेरिकेकडून तेथील पदवी उसनी घेण्याचे कारण दिसत नाही. घ्यावयाच्या गोष्टी दोन आहेत : शाळेतच पूर्ण होणारे पर्यवेक्षित तास आणि पदवी देणाऱ्या संस्थेहून वेगळी अशी परवाना देणारी यंत्रणा. थेअर परिषदेचे दोन स्तर आणि कोठारी आयोगाचा दहा शाळांचा गट एकत्र आणल्यास आपल्या परिस्थितीला मानवेल असा आराखडा तयार होऊ शकतो. प्रत्येक शाळेत पदविकाप्राप्त मार्गदर्शक शिक्षक असावा. ऐकून घेणे, अडचण ओळखणे आणि योग्य ठिकाणी पाठविणे, ही त्याची कामे. मानसमापन, अहवाल आणि गंभीर प्रसंगी हस्तक्षेप ही कामे शाळांच्या गटासाठी नेमलेल्या, नोंदणीकृत शालेय मानसशास्त्रज्ञाकडे असावीत. कोणते काम कोणी करू नये, हे नियमांत स्पष्ट लिहिलेले असावे. या नोंदणीसाठी २०२१ च्या आयोगाची यंत्रणा उपलब्ध आहे. तीत शालेय मानसशास्त्र ही स्वतंत्र विशेषज्ञता म्हणून मान्य व्हावी आणि नोंदवही पालकांना पाहता यावी.

या आराखड्यावर दोन आक्षेप संभवतात. पर्यवेक्षकच नसताना पर्यवेक्षित तास कोठून आणायचे, हा पहिला. पहिल्या काही वर्षांत अनुभवी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, बालमार्गदर्शन केंद्रे आणि विशेष शिक्षक यांच्याकडून संयुक्त पर्यवेक्षण घ्यावे लागेल. ही तडजोड आहे. परंतु पर्यवेक्षणाच्या पूर्ण अभावापेक्षा ती निश्चित बरी. दुसरा आक्षेप असा, की नोंदणी सक्तीची झाल्यास नवे अभ्यासक्रम काढण्याची चढाओढ लागेल आणि प्रमाणपत्रे विकत मिळू लागतील. हा आक्षेप गंभीर आहे आणि तो शासनापेक्षा महाविद्यालयांना अधिक लागू पडतो. शाळांशी लेखी करार आणि एक पूर्ण शैक्षणिक वर्षाची आंतरवासिता यांची व्यवस्था नसलेल्या विभागाने असा अभ्यासक्रम सुरू करू नये, हे बंधन मानसशास्त्र विभागांनी स्वतःवर घालून घेतले पाहिजे.

निष्कर्ष

शालेय मानसशास्त्रज्ञाच्या पात्रतेचा प्रश्न पदभरतीचा नसून उत्तरदायित्वाचा आहे. चुकीच्या औषधाबद्दल डॉक्टरविरुद्ध परिषदेकडे तक्रार करता येते. चुकीच्या अहवालामुळे ज्या मुलाची शाळा, तुकडी किंवा स्वतःविषयीची समजूत बदलली, त्याच्या पालकांना शालेय समुपदेशकाविरुद्ध दाद मागण्यासाठी तशी जागा नाही. न्यायालयाच्या तत्त्वांनुसार शाळा नेमणुका करू लागतील, तेव्हा उमेदवारांच्या अर्जांना विद्यापीठांच्याच गुणपत्रिका जोडलेल्या असतील. त्या गुणपत्रिकांवरील प्रात्यक्षिकाचे गुण नेमके कोणत्या कामाबद्दल दिले गेले, याचे उत्तर देण्याची जबाबदारी अध्यापकवर्गाची आहे.