यमुना आणि कमला : ख्रिस्ती कादंबरीकाराच्या प्रेरणेचा विचार

मराठी कादंबरीचा इतिहास शिकविताना बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’पाशी (१८५७) आपण अध्यापक बहुधा फार वेळ थांबत नाही. पहिली कादंबरी म्हणून तिचा मान राखावयाचा आणि धर्मप्रचारार्थ लिहिलेली म्हणून तिच्या वाङ्मयीन गुणांचा प्रश्न मिटवावयाचा, असा आपला परिपाठ पडून गेला आहे. ह्या निकालात प्रेरणा आणि प्रयोजन ह्यांची गल्लत झालेली आहे, असे मला वाटते. आपल्या प्राचीन साहित्यशास्त्राने काव्याचा हेतू आणि काव्याचे प्रयोजन ह्यांचा विचार निरनिराळा केला. लेखकाला लिहावयास लावते ते एक, आणि लिहून त्याला जे साधावयाचे असते ते दुसरे. ख्रिस्ती कादंबरीकाराच्या बाबतीत मात्र ही दोन्ही एकच, असे आपण न तपासताच धरून चालतो.

पदमनजींचा जन्म १८३१ साली बेळगावचा. बाप्तिस्मा १८५४ चा. परंतु त्यांचा ‘स्त्रीविद्याभ्यासनिबंध’ १८५२ मधील आहे, आणि मुंबईतील परमहंस सभेशीही त्यांचा संबंध बाप्तिस्म्यापूर्वीच आलेला होता. म्हणजे स्त्रियांच्या स्थितीविषयीची तळमळ त्यांना धर्मांतराने दिली नाही. किंबहुना ती तळमळ बरोबर घेऊनच ते नव्या धर्मात गेले. कादंबरीच्या उपशीर्षकातही हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण हाच विषय सांगितलेला आहे.

ह्या तळमळीला रूप मिळाले ते प्रवासाचे. बन्यनच्या रूपककथेचे ‘यात्रिकक्रमण’ हे मराठी रूपांतर हरि केशवजींनी १८४१ मध्येच केले होते. तेव्हा यात्रेच्या मिषाने धर्मबोध ही कल्पना मराठी ख्रिस्ती वाचकाला नवी नव्हती. तथापि बन्यनची वाट एका जीवाच्या उद्धाराची आहे, तर यमुना व तिचा पती विनायक ह्यांची वाट माणसांच्या घरांवरून जाते. ठिकठिकाणी त्यांस विधवा भेटतात, त्यांची गाऱ्हाणी कानी पडतात. ही गाऱ्हाणी सांगितली जातात तेथे ग्रंथ जिवंत वाटतो. संवादाचे प्रवचन होते तेथे तो निपचित पडतो. एकाच पुस्तकात प्रेरणा आणि प्रयोजन ह्यांचा हा झगडा उघड दिसतो.

पुढे विनायक मरण पावतो आणि जी दुःखे ऐकली ती यमुनेच्या स्वतःच्या वाट्यास येतात. अखेरीस ती ख्रिस्ती धर्म स्वीकारून पुनर्विवाह करते. हा शेवट निव्वळ प्रचारकी आहे काय? विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला. परंतु कायद्याने दिलेली मुभा घरोघर पोहोचली नव्हती. अशा काळी धर्मांतर ही काही स्त्रियांपुढील खरीखुरी वाट होती, हे नाकारता येणार नाही. दोष वाट दाखविण्यात नाही. ती फार लवकर दाखविण्यात आहे. ज्या श्रद्धेने पदमनजींना प्रश्न विचारण्याचे धैर्य दिले, तिनेच वाचकाला तो प्रश्न पुरता सोसू दिला नाही. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ मधील नायिकाही यमुनाच. तिला सुटकेची वाट नाही, आणि म्हणूनच तिचे दुःख पुस्तक मिटल्यावरही आपल्याजवळ राहते.

मग ख्रिस्ती श्रद्धेने लिहिलेल्या कादंबरीचे हेच भागधेय समजावयाचे काय? ह्याचे उत्तर मराठी वाङ्मयाच्या इतिहासात सहसा न भेटणाऱ्या एका लेखिकेपाशी सापडते. कृपाबाई सत्यनाथन ह्यांचा जन्म १८६२ साली अहमदनगर येथे, ख्रिस्ती झालेल्या खिस्ती ह्या मराठी ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांचे लेखन मद्रासेत आणि इंग्रजीत झाले. १८८७-८८ मध्ये नियतकालिकातून आलेली ‘सगुणा’ ही आत्मचरित्रात्मक कादंबरी. तीत ख्रिस्ती घरातील श्रद्धेइतकाच मिशनरी स्त्रियांच्या वागण्यातील वरचढपणाही त्यांनी नोंदविला. १८९४ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनाच्याच वर्षी, ‘कमला’ प्रसिद्ध झाली.

कमला हिंदू बालवधू. तीही विधवा होते. तिच्यावर प्रेम करणारा पुरुष तिला विवाहासाठी विनवितो, आणि ती नाकारते. तिचा धर्म, तिचे संस्कार तिला अडवितात. पुढचे आयुष्य ती दीनांच्या सेवेत घालविते. लेखिका जन्माने व श्रद्धेने ख्रिस्ती. तरी तिने नायिकेला बाप्तिस्माही दिला नाही आणि पुनर्विवाहही दिला नाही. कमलेचा नकार बरोबर होता की नाही, ह्यावर वाचकाने वाद घालावा. तो वाद घालता येतो, कारण नकार कमलेचा आहे. लेखिकेने तो तिच्या तोंडी घातलेला नाही.

येथे ख्रिस्ती कादंबरीकाराच्या प्रेरणेची खरी कसोटी हाती लागते असे मला वाटते. दुसऱ्याच्या दुःखाची करुणा पदमनजींना होती आणि कृपाबाईंनाही होती. तीत डावेउजवे करण्याचे कारण नाही. फरक एवढाच की, पदमनजींनी आपल्या नायिकेला वाचविले, तर कृपाबाईंनी आपल्या नायिकेला स्वतंत्र राहू दिले. आपली श्रद्धा पात्राने नाकारली तरी त्याच्यावरील माया आटू न देणे, हे लेखकाला श्रद्धा सोडून नव्हे तर तिच्यावर अधिक विसंबूनच साधते. आणि ही कसोटी ख्रिस्ती लेखकापुरती नाही. सुधारक, राष्ट्रवादी वा समाजवादी कादंबरीकारालाही ती तितकीच लागू आहे.

भोपाळसारख्या ठिकाणी, महाराष्ट्राच्या सीमेबाहेर राहून मराठीचे अध्यापन करणाऱ्या आपणांस कृपाबाईंविषयी आणखी एक आपलेपणा वाटावयास हवा. मराठी घरातील जीवन दूरच्या प्रांतात, दुसऱ्या भाषेत त्यांनी जतन केले. ‘यमुनापर्यटना’नंतर वर्गात ‘कमले’चे कथानक सांगून पाहावे. दोन्ही विधवांपैकी आपली सुटका कोणी स्वतः निवडली, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवला, तर पहिल्या मराठी कादंबरीचा पाठ केवळ सनावळीपाशी संपणार नाही.