‘कोसला’तील महाविद्यालयीन समूहजीवन : सहभागाकडून तुटलेपणाकडे

प्रस्तावना :

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ ही कादंबरी १९६३ साली प्रसिद्ध झाली. परात्मता, अस्तित्ववादी जाणीव, निवेदनपद्धती आणि भाषा या अंगांनी तिची विपुल चर्चा झालेली आहे. या चर्चेतून पांडुरंग सांगवीकर म्हणजे कशातच मन न रमणारा, समाजापासून तुटलेला तरुण, अशी प्रतिमा रूढ झाली. मात्र पुण्यात आल्यावर सुरुवातीला हाच तरुण महाविद्यालयाच्या समूहजीवनात हिरिरीने उतरतो, ही बाब त्या प्रतिमेत झाकोळून जाते. पांडुरंगचे तुटलेपण हा त्याचा मूळ स्वभाव नसून फसलेल्या सहभागाचा तो परिणाम आहे, अशी मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

शहर, विद्यापीठ आणि वसतिगृह :

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४८ साली झाली. १९९० मध्ये जळगावला स्वतंत्र विद्यापीठ होईपर्यंत खानदेश त्याच्याच कार्यक्षेत्रात होता. स्वतः नेमाडेही खानदेशातील सांगवीहून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकावयास आले होते. कादंबरीतील पांडुरंग अशाच वाटेने येतो. तो सधन शेतकऱ्याचा मुलगा आहे. त्याला पैशाची चणचण नाही, पण शहरात त्याचे असे कोणी नाही.

विद्यापीठ ही संलग्न महाविद्यालयांना जोडणारी यंत्रणा असते. विद्यार्थ्याला तिचा प्रत्यय मुख्यतः परीक्षेच्या वेळी येतो. त्याचे रोजचे जग महाविद्यालयापुरते असते आणि बाहेरगावच्या मुलापुरते बोलायचे तर वसतिगृह व मेस एवढेच. शहरातील विद्यार्थी तास संपल्यावर घरी जातो. त्याला महाविद्यालयाखेरीज नातेवाईक असतात, गल्ली असते. वसतिगृहातील मुलाला हे सगळे महाविद्यालयातच शोधावे लागते. पांडुरंगच्या उत्साहाचा उगम या गरजेत आहे.

पदे, कार्यक्रम आणि हिशेब :

शिक्षण म्हणजे केवळ परीक्षा नव्हे, व्यक्तिमत्त्वाचा विकास झाला पाहिजे, ही शिकवण पांडुरंग खरी मानतो. तो वादविवाद मंडळाचा चिटणीस होतो, वसतिगृहाचा प्रीफेक्ट होतो, स्नेहसंमेलनातील नाटकाची जबाबदारी घेतो, मेसच्या कारभारातही गुंततो. महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात ज्याचे नाव कौतुकाने छापले जावे, असाच हा विद्यार्थी आहे.

परंतु वर्ष संपताना त्याच्या पदरी काय पडते? त्याच्या चांगुलपणाचा ज्याने त्याने फायदा करून घेतलेला असतो, पैसे संपलेले असतात, अभ्यास मागे पडलेला असतो आणि वडिलांचा विश्वास डळमळलेला असतो. संमेलन पार पडते, मंडळाचे कार्यक्रम होतात. म्हणजे संस्थेच्या दृष्टीने वर्ष यशस्वीच ठरते. तोटा येतो तो एकट्याच्या खात्यावर. उपक्रम सर्वांचे आणि त्यांची किंमत एकाची, या विषमतेवर कादंबरीने नेमके बोट ठेवले आहे.

येथे कादंबरीच्या भाषेचा विचार आवश्यक ठरतो. ‘वगैरे’ आणि ‘उदाहरणार्थ’ या शब्दांचा पांडुरंगच्या निवेदनातील वापर केवळ लकब म्हणून पाहिला जातो. वस्तुतः भाषणे, अहवाल, सत्कार यांतून संस्था जी भारदस्त भाषा बोलते, तिच्यातील हवा हे शब्द काढून घेतात. विकास, नेतृत्व, सेवा या शब्दांवर एकदा विश्वास ठेवून पोळलेल्या मुलाचा हा उपरोध आहे. ज्याने कधी विश्वासच ठेवला नाही, त्याला असा उपरोध साधणार नाही.

माघार आणि दुसरे समूहजीवन :

पुढच्या काळात पांडुरंग पदांपासून दूर होतो. तथापि तो माणसांपासून पूर्णतः दूर होत नाही. सुरेश बापटसारख्या मित्रांची सोबत, रिकामपणीच्या गप्पा, निरुद्देश भटकंती यांतून दुसरे एक समूहजीवन उभे राहते. त्याला चिटणीस नाही, इतिवृत्त नाही, ढालही नाही. पण धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते, तेव्हा उसळलेले दुःख सामावून घेण्याची शक्ती या मैत्रीतही पुरेशी नसते. परीक्षेतील अपयशानंतर तो गावी परततो. तेथेही तो पूर्वीचा राहिलेला नसतो.

मर्यादा :

ही मांडणी स्वीकारताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली अशी की, सारी हकीकत पंचविशीतील पांडुरंग मागे वळून सांगतो आहे. आपल्या भाबडेपणाला औदार्य आणि निष्काळजीपणाला फसवणूक ठरवण्याची सोय निवेदकाला असते. त्याचे औदार्यही वडिलांच्या शेतीच्या उत्पन्नावर उभे आहे. गरीब विद्यार्थ्याला असे फसणेही परवडले नसते. दुसरी गोष्ट म्हणजे, हे समूहजीवन मुलांचे आहे. विद्यार्थिनी त्याच्या परिघावरच राहतात. त्यामुळे ‘कोसला’ला त्या काळातील महाविद्यालयाचे संपूर्ण चित्र मानता येत नाही.

निष्कर्ष :

१. पांडुरंगचे तुटलेपण हे सहभागाच्या अनुभवातून आलेले आहे; ते सहभागाच्या अभावातून आलेले नाही.

२. महाविद्यालयाविषयीचा आपलेपणा पदे व कार्यक्रम यांच्या संख्येने मोजता येत नाही. त्या कार्यक्रमांचा भार कोणी वाहिला आणि त्याची विचारपूस कोणी केली, यावर तो अवलंबून असतो.

३. कादंबरीतील उपरोध संस्थेच्या औपचारिक भाषेवर आहे. सोबतीच्या गरजेवर नाही.

पांडुरंग नापास झाल्याची नोंद गुणपत्रकात होते. त्याने वर्षभर केलेल्या धडपडीची होत नाही. संमेलनाच्या समितीवर काम करणाऱ्या अध्यापकाला ‘कोसला’ आजही अस्वस्थ करते, ती यामुळेच. मंडप उतरल्यावर हिशेबाची वही घेऊन एकटाच बसलेला विद्यार्थी त्यानेही केव्हातरी पाहिलेला असतो.