सूर्यप्रकाश, स्वस्ताई आणि शुश्रूषा : ‘द बेस्ट एक्झॉटिक मेरीगोल्ड हॉटेल’मधील वार्धक्याचे स्थलांतर

प्रास्ताविक

वार्धक्य हा साहित्याचा जुना विषय आहे. वार्धक्याचे स्थलांतर हा मात्र तुलनेने नवा. सेवानिवृत्तीनंतर थंड आणि महागड्या देशातून उष्ण कटिबंधातील स्वस्त देशात कायमचे राहावयास जाणे, ही गेल्या काही दशकांत एक सर्वमान्य जीवनपद्धती बनली आहे. थायलंड पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी नागरिकास, बँकेत आठ लाख बातची ठेव अथवा दरमहा पासष्ट हजार बातचे उत्पन्न दाखविल्यास, निवृत्तीच्या कारणासाठी राहू देतो. मलेशियाने २००२ पासून ‘मलेशिया माय सेकंड होम’ ही योजना राबविली. भारतात असा स्वतंत्र निवृत्ती-व्हिसा नाही. तरीही या स्थलांतराचे जगभर पोहोचलेले चित्र भारताच्याच पार्श्वभूमीवर रंगविले गेले, हे लक्षणीय आहे.

डेबोरा मोगॅक यांची ‘दीज फूलिश थिंग्ज’ ही कादंबरी २००४ साली प्रसिद्ध झाली. तिच्या आधारे ऑल पार्कर यांनी लिहिलेल्या पटकथेवर जॉन मॅडन यांनी २०११ साली ‘द बेस्ट एक्झॉटिक मेरीगोल्ड हॉटेल’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. २०१५ साली त्याचा दुसरा भाग आला. चित्रपटाची चर्चा बहुधा दोन अंगांनी होते : ज्येष्ठ कलावंतांचा अभिनय आणि भारताचे परदेशी डोळ्यांना मोहविणारे चित्रण. प्रस्तुत लेखात तिसऱ्या अंगाने विचार करावयाचा आहे. वृद्ध माणसाने उष्ण देशात जाऊन राहण्याचा जो व्यवहार ही कथा मांडते, त्याचा आरोग्य आणि राहणीमान या दृष्टीने ताळेबंद ती प्रामाणिकपणे मांडते काय, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

बंगळूरू ते जयपूर

कादंबरीतील वृद्धाश्रम बंगळूरूला आहे. चित्रपटाने तो जयपूरला नेला. रूपांतरातील हा बदल वरवर किरकोळ वाटतो, परंतु विषयाच्या दृष्टीने तो निर्णायक आहे. बंगळूरू भौगोलिक अर्थाने उष्ण कटिबंधात येते, मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर असल्याने तेथील हवा सौम्य राहते. इंग्रजी अमदानीत तेथे मोठी छावणी वसली आणि पुढे ‘पेन्शनरांचे नंदनवन’ असा या शहराचा लौकिक झाला. म्हणजे कादंबरीकर्त्रीच्या निवडीमागे एक ऐतिहासिक आणि काही प्रमाणात वैद्यकीय तर्कही आहे.

जयपूर कर्कवृत्ताच्या उत्तरेस आहे. नकाशाच्या हिशेबाने ते उष्ण कटिबंधाबाहेर पडते. परंतु वृद्ध देहाला नकाशा कळत नाही, उन्हाळा कळतो. मे-जून महिन्यांत तेथील पारा चाळीस अंशांच्या वर जातो. याच राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सियस तापमानाची नोंद झाली. चित्रपटाला जयपूर हवे होते ते रंग, हवेल्या आणि बाजार यांसाठी. पात्रांच्या प्रकृतीला काय मानवेल यापेक्षा कॅमेऱ्याला काय शोभेल, या निकषावर स्थळ ठरले. आणि एकदा स्थळ ठरल्यावर तेथला उन्हाळाच कथेतून वगळला गेला. घाम, धूळ, गोंगाट हे सर्व विनोदापुरते येते. धोका म्हणून येत नाही.

हवामानाचा ताळेबंद

येथे एकांगी निर्णय देणे अन्यायाचे होईल. थंडी हीदेखील वृद्धांची शत्रू आहे. २०१४-१५ च्या हिवाळ्यात इंग्लंड व वेल्समध्ये वर्षाच्या इतर महिन्यांच्या तुलनेत सुमारे ४३,९०० मृत्यू अधिक झाल्याचा अंदाज तेथील राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने दिला होता. श्वसनविकार, हृदयविकार आणि अपुरी ऊब असलेली घरे यांचा त्यात मोठा वाटा असतो. तेव्हा उबदार हवेच्या शोधात निघालेली माणसे केवळ हौसेखातर निघतात, असे मानण्याचे कारण नाही. मोकळ्या हवेत चालणे, शेजारपाजार आणि घराबाहेर पडण्याची सोय यांमुळे शरीर आणि मन दोन्ही सुधारतात, ही चित्रपटाची धारणा निराधार नाही.

मात्र जमेच्या बाजूसमोर खर्चाची बाजू मांडावयास हवी. वयानुसार तहानेची जाणीव मंदावते, घाम येण्याची क्षमता कमी होते आणि मूत्रपिंडांची राखीव शक्ती घटते. रक्तदाबासाठी दिली जाणारी लघवी वाढविणारी औषधे, बीटा-ब्लॉकर गटातील औषधे आणि मानसिक आजारांवरील काही औषधे उष्णता सोसण्याच्या शक्तीत आणखी अडथळा आणतात. मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेत एकट्या अहमदाबादेत सुमारे १,३४४ अतिरिक्त मृत्यू झाल्याचे पुढे अभ्यासातून दिसून आले आणि त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेसाठी स्वतंत्र कृती-आराखडा तयार केला. इन्सुलिनचा साठा दोन ते आठ अंशांत ठेवावा लागतो. वीज गेली की मधुमेही वृद्धापुढे वेगळाच प्रश्न उभा राहतो. डेंग्यूचा दुसरा संसर्ग वेगळ्या प्रकारच्या विषाणूचा असेल तर तो पहिल्यापेक्षा गंभीर होण्याचा संभव अधिक असतो; म्हणजे वास्तव्य जितके लांबेल तितका हा धोका सरत नाही, उलट साठत जातो.

या पार्श्वभूमीवर जीन एन्सली या पात्राकडे पुन्हा पाहावेसे वाटते. पेनेलोपी विल्टन यांनी साकारलेली जीन हॉटेलबाहेर पडण्यास नाखूश असते, कुरकुर करते आणि अखेर मायदेशी परतते. पटकथा तिला कोत्या मनाची ठरविते. तिचा पती डग्लस मात्र मोकळ्या मनाचा म्हणून प्रेक्षकांची सहानुभूती मिळवितो. जीनच्या बोलण्यात तुच्छता आहे, हे खरेच. परंतु तिच्या तक्रारींतील तुच्छता वेगळी केली तर मागे जे उरते ते पुष्कळसे वाजवी आहे : अन्न-पाणी मानवेल काय, आजारी पडल्यास पाहणार कोण, परतीची वाट खुली राहील काय. या प्रश्नांना उत्तर देण्याऐवजी चित्रपट प्रश्न विचारणारीलाच खलपात्र करून टाकतो. ही या कलाकृतीतील सर्वांत सोयीस्कर तडजोड आहे, असे म्हणावे लागेल.

नियोजित शस्त्रक्रिया आणि दीर्घ शुश्रूषा

म्यूरिएल डॉनेली (मॅगी स्मिथ) ही भारतात येते ती खुब्याच्या सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी, कारण मायदेशी तिला काही महिने थांबावे लागणार असते. शस्त्रक्रिया यशस्वी होते आणि चाकाच्या खुर्चीतील म्यूरिएल हळूहळू पायांवर उभी राहते. हा भाग वास्तवाला धरून आहे. पैसे भरणाऱ्या रुग्णास नियोजित शस्त्रक्रिया वेळेत आणि चांगल्या प्रकारे करून देणे, ही भारतातील मोठ्या खासगी रुग्णालयांची ताकद आहे.

परंतु वार्धक्याचा कस शस्त्रक्रियेत लागत नाही. तो परावलंबनात लागतो. स्मृतिभ्रंश, पक्षाघात, कंपवात, अंथरुणाला खिळलेली वर्षे हा वार्धक्याचा दुसरा टप्पा आहे आणि चित्रपटात तो जवळजवळ नाही. हॉटेलातील निवासी एकतर हिंडते-फिरते आहेत, अथवा बरे होण्याच्या वाटेवर आहेत. निवृत्त न्यायाधीश ग्रॅहम डॅशवूड (टॉम विल्किन्सन) आपल्या तरुणपणीच्या प्रिय व्यक्तीस भेटून हृदयविकाराने शांतपणे जातो. मृत्यू येतो, पण दीर्घ आजार येत नाही. दुसऱ्या भागात म्यूरिएलला वैद्यकीय तपासणीनंतर वाईट बातमी समजते. तिथेही ती बातमी ती मनातच ठेवते आणि कथा तिच्या अखेरच्या परावलंबी दिवसांना स्पर्श न करता संपते. पहिल्या भागाची मुख्य कथा तर अवघ्या काही आठवड्यांची आहे. आयुष्याच्या उर्वरित वर्षांविषयीचा निर्णय काही आठवड्यांच्या अनुभवावर तोलला जातो, ही उणीव केवळ आशयाची नसून रचनेचीही आहे.

या दुसऱ्या टप्प्यात भाषेचा प्रश्न सर्वांत बिकट होतो. दुखणे नेमके कोठे आणि कसे आहे हे सांगण्यासाठी रुग्ण आणि शुश्रूषा करणारी व्यक्ती यांच्यात सामाईक भाषा लागते. डॉक्टर इंग्रजी बोलतील. रात्री कूस बदलून देणारी बाई बोलेलच असे नाही. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत नंतर शिकलेली भाषा आधी मागे पडते, असे अनेकदा आढळते. म्हणजे परदेशी वृद्धाने उमेदीने शिकलेले हिंदी वा कन्नडचे चार शब्द गरजेच्या वेळीच त्याला सोडून जाण्याची शक्यता अधिक.

निवृत्तिवेतनाचे अर्थकारण

कथेतील पात्रे भारतात येतात त्यामागे पैसा हे प्रमुख कारण आहे. एव्हलिन (ज्यूडी डेंच) पतीच्या कर्जामुळे घर गमावते. एन्सली दांपत्याची पुंजी मुलीच्या व्यवसायात अडकते. स्वस्त देशात तेच निवृत्तिवेतन अधिक दिवस पुरेल, हा हिशेब पहिल्या वर्षी बरोबर ठरतो. पुढे मात्र तो बिघडतो आणि याविषयी चित्रपट काहीच बोलत नाही.

ब्रिटनचे शासकीय निवृत्तिवेतन भारत, थायलंड, ऑस्ट्रेलिया इत्यादी अनेक देशांत राहणाऱ्यांना वाढवून मिळत नाही. ते त्या देशात वास्तव्यास गेल्या वेळच्या आकड्यावर गोठते. फिलिपिन्ससारख्या, परस्पर करार असलेल्या देशांत मात्र ते वाढते. २००५-०६ साली पूर्ण मूळ निवृत्तिवेतन आठवड्याला ८२.०५ पौंड होते. २०२५-२६ साली तेच १७६.४५ पौंड झाले. त्या वर्षी निवृत्त होऊन भारतात स्थायिक झालेल्या व्यक्तीस आजही पहिलाच आकडा मिळतो आणि दरम्यान भारतातील महागाई थांबलेली नाही. या भेदाविरुद्धचा दावा युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या महापीठाने २०१० साली फेटाळला. शिवाय ब्रिटनची मोफत आरोग्यसेवा नागरिकत्वावर नव्हे, तर वास्तव्यावर अवलंबून आहे. कायमचे देशांतर केलेल्यास ती हक्काने मिळत नाही. थोडक्यात, ऐंशीव्या वर्षी गरज वाढते तेव्हा उत्पन्न आटलेले आणि परतीचा दरवाजा अर्धा मिटलेला असतो.

गोव्यात स्थायिक होऊ पाहणाऱ्या परदेशी नागरिकांच्या संदर्भात हा प्रश्न आपल्या अगदी जवळ येतो. परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार पर्यटक-व्हिसावर आलेल्या, भारतीय वंशाच्या नसलेल्या परदेशी व्यक्तीस येथे स्थावर मालमत्ता विकत घेता येत नाही. समुद्रकिनारी घर घेऊन उरलेले आयुष्य घालविण्याचे स्वप्न आणि कायद्याचे वास्तव यांतील अंतर मेरीगोल्ड हॉटेलच्या खोल्या दाखवीत नाहीत.

अनोखीची बाजू

आता या व्यवहारातील दुसरा पक्ष. म्यूरिएलला जेवण आणून देणारी अनोखी ही दलित मोलकरीण चित्रपटात मोजक्याच प्रसंगांत दिसते. तिच्या घरी गेल्यावर म्यूरिएलच्या मनातील वंशद्वेष विरघळू लागतो. प्रसंग हृद्य आहे. परंतु त्यात बदलते ती म्यूरिएल. अनोखीच्या आयुष्यात काय बदलले, तिच्या म्हातारपणी तिला जेवण कोण आणून देईल, हे प्रश्न उपस्थितच होत नाहीत.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी होती. दारिद्र्यरेषेखालील ६० ते ७९ वयोगटातील वृद्धांसाठीच्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत केंद्र सरकारचा वाटा दरमहा २०० रुपये आहे. राज्ये आपापल्या परीने त्यात भर घालतात. परदेशी वृद्धास जी शुश्रूषा ‘स्वस्त’ मिळते ती स्वस्त असण्याचे कारण हवामान नव्हे, तर या दोन वार्धक्यांतील अंतर आहे.

कादंबरी येथे चित्रपटाहून अधिक सजग वाटते. तिच्यातील वृद्धाश्रमाची कल्पना लंडनमधील रवी कपूर या भारतीय वंशाच्या थकलेल्या डॉक्टरच्या डोक्यातून निघते. नकोशा सासऱ्याची सोय लावणे हा त्यामागील एक हेतू असतो. भारतीय डॉक्टर आणि परिचारिका ब्रिटनमधील रुग्णांची सेवा करण्यास तिकडे जातात आणि तेथील वृद्ध सेवेच्या शोधात इकडे येतात, हा विरोधाभास कादंबरीच्या बांधणीतच आहे. चित्रपटाने रवीला वगळले आणि उत्साही सॉनी (देव पटेल) तेवढा ठेवला. उपरोध गेला, उत्साह उरला.

मराठी वाचकास या ठिकाणी जयवंत दळवी यांच्या ‘संध्याछाया’ नाटकाची आठवण होणे स्वाभाविक आहे. तेथे मुले दूर जातात आणि आईवडील मागे उरतात. येथे आईवडीलच दूर जातात. दिशा उलट असली तरी मध्यवर्ती प्रश्न एकच आहे : अखेरच्या दिवसांत जवळ कोण असेल? दळवींचे नाटक तो प्रश्न सोडविण्याचा आव आणीत नाही, पण त्यापासून दूरही पळत नाही. मेरीगोल्ड हॉटेल त्याला सूर्यप्रकाशाने झाकून टाकते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, ही कलाकृती निवृत्तीच्या पहिल्या टप्प्याविषयी खरे बोलते. एव्हलिनला मिळालेली नोकरी, म्यूरिएलने हाती घेतलेला हिशेब, एकत्र जेवणारी मंडळी यांतून वृद्धास औषधाइतकीच उपयोगाची आणि सोबतीची गरज असते हे ती समर्थपणे दाखविते. दुसऱ्या टप्प्याविषयी मात्र ती मौन बाळगते. उष्ण देशात निवृत्त होण्याच्या निर्णयाचे खरे मोल पासष्टाव्या वर्षीच्या चालण्या-फिरण्यावरून ठरत नाही. पंच्याऐंशीव्या वर्षी कोणत्या भाषेत, कोणाच्या हातून आणि कोणत्या पैशाने शुश्रूषा होणार यावरून ठरते. हा प्रश्न विचारणारी कादंबरी अथवा चित्रपट अद्याप लिहिला जावयाचा असेल, तर तो अनोखीच्या घरातूनही लिहिला जावा, एवढीच अपेक्षा येथे नोंदवावीशी वाटते.