लिंगोगाथा: मिशनऱ्याची संहिता आणि परधानाचा आवाज

स्टीफन हिस्लॉप यांनी मध्य प्रांतातील आदिवासींविषयी जमविलेली टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ साली, चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून प्रसिद्ध केली. या ग्रंथाकडे सामान्यतः मानववंशशास्त्राचे एक साधन म्हणून पाहिले जाते. परंतु परधानाच्या तोंडून उतरवून घेतलेली, रोमन लिपीत मूळ गोंडी शब्द आणि त्यांचे इंग्रजी भाषांतर यांसह छापलेली लिंगोची दीर्घ गाथा त्यात समाविष्ट आहे. त्यामुळे हा ग्रंथ वाङ्मयीन संहितेचाही एक जटिल प्रश्न उभा करतो. गाणारा एका समाजाचा, लिहून घेणारा धर्मप्रचारक आणि प्रसिद्ध करणारा राज्यकर्ता अशा तीन हातांतून आलेली ही संहिता आज चंद्रपूर-गडचिरोलीपासून छत्तीसगडपर्यंतच्या गोंड समाजाच्या धार्मिक व राजकीय आत्मभानाशी निगडित झाली आहे. तिचे वाचन कोणत्या शिस्तीने करावयाचे, हा प्रश्न म्हणूनच केवळ विद्यापीठीय राहत नाही.

हिस्लॉप ज्या परंपरेतून आले तिचे स्वरूप प्रथम ध्यानात घ्यावे लागते. ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी होते. धर्मोपदेशकांच्या नेमणुकीतील आश्रयदात्यांचा आणि शासनाचा हस्तक्षेप अमान्य करून १८४३ मध्ये जो इव्हँजेलिकल, म्हणजे सुवार्तावादी, गट अधिकृत चर्चमधून बाहेर पडला त्याचे हे चर्च. पुढे दोनच वर्षांत हिस्लॉप नागपुरास पोहोचले. १८६३ साली पूर आलेला नाला ओलांडताना त्यांचा अंत झाला. धर्माने राज्यसत्तेपासून स्वतंत्र असावे, असे मानणाऱ्या या मिशनऱ्याचे कागद अखेरीस राज्यसत्तेच्या प्रमुखानेच प्रसिद्ध करावेत, यातील विसंगती उघड आहे. तथापि अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की, सुवार्तावादी श्रद्धेत ग्रंथाला सर्वोच्च प्रामाण्य असते. परमेश्वर इतिहासात कृती करतो आणि त्या इतिहासाची साक्ष ग्रंथ देतो, ही तिची मूलभूत धारणा. अशा वाचकाला मौखिक गाथाही प्रथम ‘ग्रंथ’ म्हणून आणि मग ‘इतिहास’ म्हणून दिसू लागणे स्वाभाविक होते.

गाथेची रूपरेषा या दृष्टीला अनुकूल भासते. महादेव गोंडांना गुहेत कोंडतो. लिंगो हा असामान्य जन्माचा नायक. ज्या भावांना तो शिकवितो तेच त्याला खोट्या आरोपावरून ठार करतात. तो पुन्हा जिवंत होतो आणि कोंडलेल्यांची मुक्तता करतो. बायबलवर पोसलेल्या वाचकाला येथे बंदिवास, बलिदान, पुनरुत्थान आणि तारण यांची मालिका ओळखीची वाटावी. परंतु गाथा मुक्ततेपाशी संपत नाही. मुक्त झालेल्यांची लिंगो देवसंख्येनुसार विभागणी करतो, कोणी कोणाशी सोयरीक करावयाची याचे नियम घालून देतो, देवांची स्थापना करतो आणि मग अंतर्धान पावतो. पाप आणि क्षमा यांच्याऐवजी सगेपण आणि सोयरेपण हे या कथेचे पर्यवसान आहे. व्यक्तीच्या आत्म्याचे तारण हा तिचा विषयच नव्हे. समाज राहण्याजोगा कसा होतो, हा तिचा विषय आहे. साम्यस्थळांवर थांबणाऱ्या वाचनातून नेमका हा उत्तरार्ध निसटतो.

या निसटण्याचे ठळक उदाहरण जेम्स फॉर्सिथ यांच्या ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ (१८७१) या ग्रंथात आढळते. हिस्लॉप यांच्या संहितेचे त्यांनी संक्षिप्त पद्य रूपांतर केले, नायकाला ‘संत’ ही उपाधी दिली आणि छंद निवडला तो लाँगफेलो यांच्या ‘हायावाथा’ (१८५५) या अमेरिकन काव्याचा. छंदाची ही उसनवार निरुपद्रवी नाही. ‘हायावाथा’ची सामग्री मुख्यतः हेन्री स्कूलक्राफ्ट यांनी ओजिब्वे लोकांकडून जमविलेल्या कथांतून आली. हेच स्कूलक्राफ्ट शासनाचे इंडियन एजंट होते आणि १८३६ च्या ज्या कराराने त्या प्रदेशातील विस्तीर्ण भूमी अमेरिकेच्या हाती गेली, त्या करारात त्यांचा प्रमुख सहभाग होता. काव्याच्या शेवटी नायक नव्या धर्मोपदेशकाचे स्वागत करतो, आपल्या लोकांना त्याचे ऐकण्यास सांगतो आणि पश्चिमेकडे निघून जातो. आदिवासी नायकाने स्वतःहून जागा रिकामी करावी, ही कल्पना त्या छंदाला चिकटलेली होती. लिंगो त्या छंदात आला तेव्हा तिची सावलीही त्याच्यावर पडली.

सुवार्तावादाचा अमेरिकन सार्वजनिक जीवनाशी असलेला संबंध मात्र एकसुरी नाही. १८१३ पासून मुंबईत काम करणारे आणि पुढे १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू करणारे मराठी मिशन ज्या अमेरिकन बोर्डाचे, त्याच बोर्डाचे चिटणीस जेरेमाया एव्हार्ट्स यांनी १८२९ मध्ये आदिवासींच्या हकालपट्टीविरुद्ध लेखमाला लिहिली. त्याच बोर्डाचे मिशनरी सॅम्युएल वुस्टर यांनी चेरोकींच्या बाजूने कारावास पत्करला. सत्तेला विरोध करण्याचे बळ आणि सत्तेसाठी पुरावे गोळा करण्याची वृत्ती ही दोन्ही या एकाच परंपरेची अंगे होत. विसाव्या शतकाच्या अखेरीस, विशेषतः १९७९ मध्ये ‘मॉरल मेजॉरिटी’ची स्थापना झाल्यानंतर, दुसरे अंग प्रबळ झाले. अमेरिका मुळातच ख्रिस्ती राष्ट्र आहे, हे इतिहासातून सिद्ध करण्याचा खटाटोप सुरू झाला. अमेरिकन शासन कोणत्याही अर्थाने ख्रिस्ती धर्मावर आधारलेले नाही, असे १७९७ मध्ये सिनेटने संमत केलेल्या त्रिपोली करारातच नमूद असूनही हा खटाटोप चालू राहिला. उल्लेखनीय गोष्ट अशी की, त्याची परखड चिकित्सा मार्क नोल, नेथन हॅच आणि जॉर्ज मार्सडन या सुवार्तावादी परंपरेतीलच इतिहासकारांनी १९८३ साली केली. २०१२ मध्ये डेव्हिड बार्टन यांचे जेफर्सनविषयक पुस्तक त्यातील तपशिलांवरील आक्षेपांमुळे मागे घेणारी प्रकाशनसंस्थाही ख्रिस्तीच होती. श्रद्धा आणि इतिहासचिकित्सा परस्परविरोधी असल्याच पाहिजेत असे नाही, हे यावरून दिसते.

हा धडा गोंडवनाला कितपत लागू पडतो? मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांनी लिंगोची मांडणी कोया पुनेम या स्वतंत्र धर्मदर्शनाचा प्रवर्तक म्हणून केली. गोंदिया जिल्ह्यातील कचारगडची गुहा हीच गाथेतील गुहा, या श्रद्धेने माघ पौर्णिमेला तेथे मोठी यात्रा भरते. २०११ च्या जनगणनेत दहा लाखांहून अधिक लोकांनी आपला धर्म गोंड वा गोंडी असा नोंदविला. येथेही गाथा इतिहास होते आणि इतिहास हक्काचा आधार होतो. परंतु दोन्ही प्रक्रियांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. एकीकडे बहुसंख्याकांना राज्यावरील आपली मालकी सिद्ध करावयाची आहे. दुसरीकडे ज्यांच्यासाठी जनगणनेत स्वतंत्र रकानाही नाही त्यांना आपले असणे नोंदवावयाचे आहे. प्रश्न त्यांच्या हक्काविषयी नसून त्या हक्कासाठी मागितल्या जाणाऱ्या पुराव्याविषयी आहे. ज्याला ग्रंथ आहे त्यालाच धर्म आहे, ही अट मिशन आणि प्रशासन यांनी घातलेली आहे. तिला उत्तर म्हणून मौखिक परंपरेने स्वतःचा एकमेव प्रमाणग्रंथ सिद्ध करणे म्हणजे ती अट मान्य करणे होय.

ती अट मान्य केल्यास काय गमवावे लागेल, हे याच दोन जिल्ह्यांत पाहता येते. चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबादमधील राजगोंडांच्या गाथा फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४८ च्या ग्रंथात मांडल्या. तेथे गाथा ही परधानाने यजमान कुळासाठी वाद्याच्या साथीने सादर करावयाची गोष्ट आहे आणि आद्य परधान हिरासुका हा परंपरेतील पूज्य पुरुष आहे. दुसरीकडे, गडचिरोलीच्या पूर्वेस बस्तरमधील मुरियांचा लिंगो हा घोटुलचा संस्थापक असल्याचे व्हेरिअर एल्विन यांनी १९४७ मध्ये नोंदविले. एल्विन स्वतः धर्मसेवेसाठी भारतात येऊन ती वाट सोडून गेलेले होते, हे येथे लक्षणीय आहे. गडचिरोलीच्या माडियांची गोटुल-परंपरा पाहता, या पट्ट्यातला लिंगो एकाच मुद्रित संहितेत मावणारा नाही, हे स्पष्ट होते.

तेव्हा हिस्लॉप यांची संहिता नाकारण्याचे कारण नाही आणि तिला मूळ प्रत मानण्याचेही नाही. ती एका परधानाने एका प्रसंगी, एका परक्या श्रोत्यासाठी केलेल्या सादरीकरणाची नोंद आहे. त्या छापील नोंदीत लिहून घेणाऱ्याचे नाव आहे, संपादकाचे आहे. गाणाऱ्याचे स्थान मात्र केवळ जातीच्या उल्लेखापुरते उरले. समीक्षेला ते नाव आता परत मिळविता येणार नाही. परंतु आज किंगरीवर गाणाऱ्या परधानाची संहिता त्याच्या नावानिशी, प्रसंगानिशी, श्रोत्यांनिशी आणि गोंडी लिपीभाषेच्या अभ्यासकांच्या सहभागाने नोंदविणे शक्य आहे. अशा अनेक नोंदी शेजारीशेजारी ठेवल्या गेल्या की १८६६ ची संहिता आपोआप आपल्या जागी, अनेकांतील एक म्हणून, येऊन बसेल.